खणखणीत, बद्द आणि न सापडलेला तडा

माठ विकत घेताना आपण काय करतो? उचलतो, उजेडात धरून फिरवून बघतो आणि शेवटी बोटाच्या पेराने टकटक वाजवतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कुठेतरी चीर गेलेली आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. कुंभारही त्यावर वाद घालत बसत नाही, गुपचूप दुसरा माठ काढून देतो.

वस्तू न फोडता, न कापता तिच्यातला तडा शोधायच्या या विद्येला इंजिनिअरिंगमध्ये 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' म्हणतात, थोडक्यात एनडीटी. (मराठीत 'अविनाशी चाचणी' म्हणावं का असा विचार केला होता, पण ते वाचून आपण दांडा नाही तर आत्मा तपासतोय असं वाटायला लागतं. तेव्हा एनडीटीच बरं.)

मंडळी, मी शिक्षणाने मेकॅनिकलवाला आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांची हीच कथा. कॉलेजात एनडीटी म्हणजे 'टिपा लिहा, कोणत्याही दोन' एवढंच होतं. पाच पद्धती, प्रत्येकीचे फायदे-तोटे, एक आकृती, झालं. पण गेले तीन वीकान्त मी अमेरिकेतल्या एका विमान अपघाताचा सरकारी अहवाल वाचत बसलोय. त्या विमानाचा जो भाग फुटला तो आधी नीट तपासलेला होता, पास झालेला होता, आणि तपासणीच्या दिवशी त्यात जवळजवळ अर्धा इंच लांबीचा तडा होता. तिथे अडकलो, आणि 'तपासलं, ठीक आहे' या शब्दांचा नेमका अर्थ काय हे शोधत मागे मागे जात थेट १८४२ सालात पोचलो.

८ मे १८४२. व्हर्सायला राजाच्या सन्मानार्थ उत्सव होता, कारंजी बघायला पॅरिसहून प्रचंड गर्दी लोटली होती. संध्याकाळी परतीच्या गाडीला पुढे दोन इंजिनं जोडलेली. वाटेत पहिल्या इंजिनाचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, मोडला. मागचं इंजिन त्याच्यावर चढलं, डबे त्यावर चढले आणि निखाऱ्यांनी सगळ्याला आग लागली. डब्यांची दारं त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यात अंटार्क्टिकाच्या सफरी करून सुखरूप परत आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल होता, बायको आणि मुलासकट. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ ज्याचं काही वाकडं करू शकला नाही, तो पॅरिसच्या वेशीवर लोकल गाडीत जळून मेला.

त्या वेळी लोकांना कोडं पडलं ते असं की दांडा मोडला कसा? तो चांगल्या लोखंडाचा होता, रोज तेवढंच ओझं वाहत होता, आणि एके दिवशी काचेसारखा तुटला. मोडलेली जागा दाणेदार, चकचकीत दिसायची. त्यावरून समजूत अशी झाली की सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची जातच बदलते, तंतूंचे स्फटिक होतात. पुढच्याच वर्षी विशीतल्या विल्यम रँकिनने (हो, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरातला रँकिन सायकलवाला तोच) मोडलेले ॲक्सल तपासून सांगितलं की जात वगैरे काही बदलत नाही. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर सुरू होते आणि रोज थोडी थोडी आत सरकत जाते. शेवटी मधे जो गाभा उरतो त्याला ओझं पेलवत नाही आणि तो खाडकन जातो. जर्मनीत ऑगस्ट व्होलरने पुढे १८५० ते १८७० या काळात यंत्रावर ॲक्सल लाखो वेळा फिरवून दाखवून दिलं की एका झटक्यात मोडायला जेवढा भार लागतो त्याच्या कितीतरी कमी भारानेही धातू मोडतो, फक्त तो भार पुन्हा पुन्हा यायला हवा. कागदाला लावायची यू-पिन चार-पाच वेळा उलटसुलट वाकवून बघा. याला म्हणतात धातूचा थकवा.

इथून सगळा खेळ बदलला. आधी प्रश्न होता 'हा भाग मजबूत आहे का?' आता प्रश्न झाला 'याच्या आत आत्ता काय चाललंय?' आणि ते मोडून बघता येत नाही, कारण मोडला की तो भाग उपयोगाचा राहत नाही.

रेल्वेवाल्यांनी सगळ्यात आधी माठाचीच युक्ती वापरली. मोठ्या स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला माणूस चाकांवर ठोके देत जायचा. खणखणीत चाक चांगलं, बद्द चाक बाजूला. ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आली. माझ्या वडिलांना भुसावळला रात्रीच्या झोपेत ऐकू येणारी ती ठणठण अजून आठवते. पद्धत फुकटातली आणि झटपट, पण चाकाची मोठी चीर कळणार इतकंच. ॲक्सल चाकात जिथे दाबून बसवलेला असतो, तिथली केसाएवढी चीर हातोड्याला काय डोंबल कळणार!

मग वर्कशॉपात तेल आणि खडूची पद्धत आली. फरशी पुसल्यावर लादी वाळते, पण लादीत बारीक तडा असेल तर तिथे ओल रेंगाळते आणि काळी रेघ उठून दिसते, हे प्रत्येक घरात दिसतं. तेच हे. दांडा घट्ट तेल आणि रॉकेलच्या मिश्रणात बुडवून ठेवायचा. तेल चिरेत शिरतं. मग दांडा कोरडा पुसून त्यावर स्पिरिटमध्ये कालवलेल्या खडूच्या भुकटीचा पांढरा हात द्यायचा. चिरेतलं तेल हळूहळू खडूत झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगभरच्या रेल्वे वर्कशॉपात हे चालत होतं.

या पद्धतीचा पुढचा अवतार ज्याने घडवला त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. १९३३ साली कॅलिफोर्नियात बॉब स्विट्झर नावाचा विद्यार्थी मालाची चढउतार करताना पडला आणि डोक्याला जबर मार बसला. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी त्याला कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवलं. अंधारात पडून काय करायचं? त्याला अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या रसायनांचा नाद लागला. भाऊ जो हौशी जादूगार, त्याला रंगमंचावर अंधारात चमकणारे रंग हवेच होते. दोघे वडिलांच्या औषधाच्या दुकानात दिवा घेऊन शिरले आणि कोणती बाटली चमकते ते बघत सुटले. पुढे त्यांचे ते भडक 'डे-ग्लो' रंग जगप्रसिद्ध झाले. पण त्याआधी त्यांनी तेल आणि खडूच्या जागी चमकणारं तेल आणि अंधारी खोली आणली. १९४२ पासून 'झायग्लो' या नावाने ते विमानांचे भाग तपासायला वापरलं जाऊ लागलं. काळ्या रेघेऐवजी पिवळी-हिरवी झगझगीत रेघ. फ्लुओरोसंट पेनिट्रंट तपासणी म्हणतात ती हीच. या पद्धतीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेनिट्रंटला तडा पृष्ठभागावर उघडा लागतो. तोंड बुजलेलं असेल, मळ भरला असेल, तर तेल आत शिरणारच कसं?

चुंबकाची पद्धत अशीच कामाच्या टेबलावर सापडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात विल्यम होक नावाचा अमेरिकन मेजर मोजमापाचे अतिशय अचूक ठोकळे बनवत होता. चुंबकी पकडीत धरून लोखंड घासताना त्याच्या लक्षात आलं की घासून निघालेली भुकटी काही ठिकाणी रेघेत गोळा होते, आणि त्या रेघेखाली तडा असतो. शाळेत कागदावर लोहकीस टाकून खालून चुंबक फिरवलेला आठवतो ना? चुंबकाचे दोन तुकडे केले की तुटलेल्या जागी दोन नवे ध्रुव तयार होतात. तडा म्हणजे अर्धवट तुटलेला चुंबकच, तो भुकटी ओढून घेणार. होकने १९२२ मध्ये पेटंट घेतलं आणि बहुतेक विसरला. ते उचललं आल्फ्रेड डी फॉरेस्टने. त्याच्या लक्षात आलं की चुंबकीय रेषा तड्याला आडव्या जायला हव्यात. रेषा आणि तडा एकाच दिशेने असतील तर भुकटी ढिम्म. म्हणून त्याने दांड्यातूनच वीज सोडली, की रेषा दांड्याभोवती गोल फिरतात आणि लांबीच्या दिशेचे तडे सापडतात. एकदा असं, एकदा तसं, दोनदा चुंबकायचं. त्यातून 'मॅग्नाफ्लक्स' कंपनी उभी राहिली.

इन-प्लांट ट्रेनिंगला पुण्याजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात मी हे बघितलंय. जाड काळ्या पडद्याआड एक खोपटं, आत जांभळा दिवा. क्रँकशाफ्ट येतो, चुंबकतो, त्यावर चमकणारी भुकटी कालवलेलं पाणी सोडतात, आत बसलेला माणूस तो फिरवून फिरवून बघतो आणि पुढे सरकवतो. दुसरा येतो. तिसरा येतो. आम्ही तासभर उभे होतो. एकाही शाफ्टवर काही निघालं नाही. आम्हा पोरांना पंधराव्या मिनिटाला जांभया यायला लागल्या होत्या आणि त्या गृहस्थांची अजून सहा तास शिफ्ट बाकी होती. ही जांभईसुद्धा पुढे लागणार आहे.

क्ष-किरणांबद्दल थोडक्यात. रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात त्यांचा शोध लावला आणि बायकोच्या हाताच्या फोटोइतकाच महत्त्वाचा आणखी एक फोटो काढला, स्वतःच्या शिकारी बंदुकीचा. ओतकामातल्या पोकळ्यांसाठी क्ष-किरण उत्तम, पण बारीक तडा किरणांच्या दिशेत नसेल तर त्याची सावलीच पडत नाही. बाकी फायदे-तोटे पुस्तकात आहेत, चार मार्कांचे.

खरी मजा आली ती आवाजाची. पण आता हातोड्याचा नाही, माणसाला ऐकू न येणारा. १९२८ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये सोकोलोव्हने धातूच्या एका बाजूने ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूला तो किती पोचतो ते मोजायची कल्पना मांडली. वाटेत पोकळी असेल तर आवाज कमी पोचणार. अडचण ही की दोन्ही बाजूंना हात पोचायला हवा, आणि आवाज कमी झाला तरी दोष किती खोलवर आहे ते कळत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोनने ही गाठ सोडवली. सलग आवाज सोडायचाच नाही. एक छोटीशी टिचकी मारायची आणि गप्प बसून प्रतिध्वनी ऐकायचा. पोलादात ध्वनी सेकंदाला साधारण ५,९०० मीटर जातो, म्हणजे १० सेंटीमीटर जाऊन परत यायला त्याला सुमारे ३४ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी त्याच्या आधीच आला तर मधे काहीतरी आहे, आणि किती आधी आला यावरून कुठे आहे तेही कळतं. त्याने १९४० मध्ये अर्ज केला, १९४२ मध्ये पेटंट मिळालं.

एक अवांतर, पण सांगायलाच हवं. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या जोडीने जहाजं तपासायचं असं यंत्र एका गोदीतून उसनं आणून माणसाच्या हृदयावर धरलं. १९५५ मध्ये स्कॉटलंडचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गाडीतून काढून टाकलेल्या गाठी घेऊन गेले आणि बॉयलरच्या पत्र्यातले तडे शोधणाऱ्या यंत्राने त्या तपासून आले. तुलनेला सोबत मांसाचा एक मोठा तुकडा होता. पोटातल्या बाळाचा पहिला फोटो दाखवणारी सोनोग्राफी ही बॉयलर तपासणीची लेक आहे.

ध्वनीलाही दिशा लागते. तडा ध्वनीच्या वाटेत आडवा असेल तरच प्रतिध्वनी येणार. रेल्वेच्या रुळांचा अनुभव याबाबतीत फार बोलका आहे. २५ ऑगस्ट १९११ ला न्यूयॉर्क राज्यात मँचेस्टर गावाजवळ रूळ तुटून गाडी घसरली, २९ माणसं गेली. रुळाच्या डोक्याच्या आत आडवा तडा वाढत गेला होता, बाहेरून काहीही दिसत नव्हतं. गायरोस्कोपवाल्या एल्मर स्पेरीने त्यावर रुळात जबरदस्त वीज सोडून चुंबकीय बदल टिपणारी गाडीच बांधली आणि १९२८ पासून ती रुळांवरून धावू लागली. आज आपल्याकडे रुळांवर ढकलत नेतात त्या अल्ट्रासॉनिक ट्रॉलीत वेगवेगळ्या कोनांचे प्रोब असतात, सरळ खाली बघणारा, ७० अंशात तिरका बघणारा, कारण कोणता तडा कुठल्या दिशेने झोपलाय हे आधी माहीत नसतं. रूळ तुटला तर काय होतं ते आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९९८ ला पंजाबात खन्नाजवळ दिसलं. तुटलेल्या रुळावर फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर पडले, त्यावर सियालदह एक्स्प्रेस आदळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

इंग्लंडात १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डला रूळ फुटला, त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले, चौघे मेले. तिथे तर दोष आधीच माहीत होता, बदलायचे नवे रूळ शेजारी आणून ठेवलेले होते. पण तो आळसाचा आणि कंत्राटांचा इतिहास, आपला विषय वेगळा.

आपला विषय असा की इथपर्यंत सगळ्यांची विचार करायची पद्धत एकच होती: यंत्र अजून चांगलं करा, अजून लहान तडा दिसेल. दर दहा वर्षांनी कोणीतरी अभिमानाने सांगायचं, आता आम्हाला मिलिमीटरच्या अमुक भागाएवढा तडा दिसतो. ते खोटं नव्हतं. पण हा चुकीचा आकडा होता.

हे उघड झालं ते एफ-१११ या अमेरिकन लढाऊ विमानामुळे. २२ डिसेंबर १९६९ ला नेवाडात नेलिस तळाजवळ सराव करताना त्याचा एक पंख निखळून पडला आणि दोघे वैमानिक मेले. विमान नवंकोरं होतं, जेमतेम शंभरएक तास उडलेलं. पंख ज्या पोलादी सांध्यावर फिरायचा त्यात घडाईच्या वेळेपासूनच दोन सेंटीमीटरहून मोठा दोष होता आणि तो कारखान्यातल्या सगळ्या तपासण्यांतून सुटला होता. उपाय म्हणून त्यांनी उरलेली विमानं उणे ४० अंशांपर्यंत थंड करून जमिनीवरच पंखांना पूर्ण ताण दिला. (फॅरनहाइट की सेल्सिअस विचारू नका, उणे ४० ला दोन्ही सारखेच.) थंडीत पोलाद ठिसूळ होतं. अमुक मापाहून मोठा तडा असेल तर पंख इथेच मोडेल, नाही मोडला तर त्या मापाहून मोठा तडा नाही, खात्रीने. आणि छोटा तडा तेवढा वाढायला किती तास लागतील याचं गणित करता येतं. मला हा उपाय फार आवडतो, कारण त्यात कोणाच्याही नजरेवर विश्वास टाकलेला नाही.

१९७४ पासून अमेरिकन हवाई दलाने हाच विचार नियमात घातला. तडा आहे असंच धरून चालायचं. प्रश्न 'सगळ्यात लहान कोणता तडा दिसतो?' हा नाही. प्रश्न 'सगळ्यात मोठा कोणता तडा सुटू शकतो?' हा आहे.

दोन्ही वाक्यं कानाला सारखी वाटतात, पण पहिल्याचं उत्तर उत्तम माणूस, उत्तम यंत्र आणि सकाळी दहाची वेळ घेऊन मिळतं. दुसऱ्याचं उत्तर रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला मिळतं. ते मोजायला हवाई दलाने सत्तरच्या दशकात तडे असलेले खरे भाग गाड्यांत घालून तळातळांवर फिरवले आणि तिथल्या रोजच्या तपासनिसांना तपासायला दिले. या उपक्रमाचं नाव, टीव्हीवरच्या एका जुन्या काउबॉय मालिकेच्या धर्तीवर, 'हॅव क्रॅक्स, विल ट्रॅव्हल'. १९७८ मध्ये निकाल आले आणि भल्याभल्यांची झोप उडाली. अर्धा इंच लांबीचा तडासुद्धा ९० टक्के वेळा सापडेलच, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईना.

ही ९०-९५ भानगड आम्हा विदावाल्यांच्या आवडीची आहे. समजा एका मापाचे २९ तडे तुम्ही एखाद्यापुढे ठेवले आणि त्याने २९ च्या २९ शोधले, तरच 'हा माणूस असे तडे दहात नऊ वेळा पकडतो' असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ०.९ चा २९ वा घात काढून बघा, ०.०५ च्या जरा खाली येतो. २९ पैकी एक जरी सुटला तरी तेवढ्या चाचणीवर ते म्हणता येत नाही. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या की रिलीज जातं. त्या हिरव्याचा अर्थ बग नाहीत असा नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती मोठा बग त्यातून निसटू शकतो हे कोणी मोजलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तो अहवाल. १९ जुलै १९८९, युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं उड्डाण, डेन्व्हरहून शिकागोकडे, विमान डीसी-१०, आत २९६ माणसं. दुपारी ३ वाजून १६ मिनिटांनी ३७,००० फुटांवर शेपटीतल्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा तोडल्या. तीन स्वतंत्र यंत्रणा एकदम जाणं अशक्य मानलेलं होतं, त्यामुळे अशा वेळी काय करायचं याची पद्धतच लिहिलेली नव्हती. कॅप्टन हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत ४४ मिनिटं ते विमान हाकलं आणि सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ११२ माणसं गेली, १८४ वाचली. वैमानिकांची गोष्ट सगळ्यांनी सांगितलीय आणि सांगायलाच हवी. मला चकतीची सांगायचीय.

चकती जागेवर सापडलीच नाही. ऑक्टोबरात मक्याची कापणी करताना एका शेतकरी बाईंच्या यंत्राला काहीतरी जड अडलं, तेव्हा तिचा मोठा तुकडा हाती आला. टायटॅनियम वितळवताना त्यात नायट्रोजनमुळे कडक ठिसूळ कण राहिला होता. घडाईच्या शेवटी तो निघून पडला असावा, आणि मधल्या भोकाच्या आतल्या कडेला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा खड्डा राहिला. तिथून तडा सुरू झाला. दर उड्डाणाला एकदा ताण, एकदा सैल, असं १५,५०३ वेळा.

जीईच्या कारखान्यात चकती अल्ट्रासॉनिकने तपासली होती. पुढच्या सतरा वर्षांत युनायटेडच्या इंजिन दुरुस्ती केंद्रात ती सहा वेळा त्या चमकणाऱ्या पेनिट्रंटने तपासली गेली. शेवटची तपासणी १९८८ च्या फेब्रुवारीत, अपघाताच्या ७६० उड्डाणं आधी. तड्याच्या पृष्ठभागाचा एक पट्टा वेगळ्या रंगाचा होता, आणि त्या पट्ट्यात पेनिट्रंटमध्ये असणाऱ्या रसायनाचे अंश सापडले. म्हणजे त्या दिवशी तेल तड्यात शिरलं होतं. तडा तेव्हा जवळजवळ अर्धा इंच, १२ मिलिमीटर. तेलाने आपलं काम केलं. पद्धत चालली. बघणाऱ्याला दिसलं नाही.

का दिसलं नाही? अहवालात शक्यता दिल्यात. चकती तारेने टांगलेली असते आणि तार मधल्या भोकातूनच जाते, चकती फिरवली नाही तर तारेमागची जागा झाकलेलीच राहते. पांढरी भुकटी तिथे नीट पोचली नसेल. आणि भोकाच्या आत तडा असेल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. अहवालाने खापर एका माणसावर फोडलं नाही. माणसाच्या मर्यादांचा तपासणीच्या पद्धतीत पुरेसा विचार झाला नाही, असं कारण लिहिलं. (अहवालात एक उपकथाही आहे. जीईच्या जुन्या कागदांत एकाच सिरियल नंबरच्या दोन चकत्या निघाल्या, त्यातली एक अल्ट्रासॉनिकमध्ये नापास झालेली! कागदांवरून तो गुंता धड सुटला नाही. डुप्लिकेट प्रायमरी की बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी तो भाग झोपण्यापूर्वी वाचू नये.)

माणसाच्या मर्यादा म्हणजे काय हे तेव्हा नवीन नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांचे ठिपके शोधणारे सैनिक पाहता पाहता ठिपके चुकवायला लागतात असं दिसल्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने घड्याळासारखा एक काटा बनवला. काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारतो, ती उडी पकडायची. १९४८ मध्ये त्याने निकाल छापले. पहिल्या अर्ध्या तासातच पकडण्याचं प्रमाण घसरतं. आळशी माणसांचं नाही, जीव तोडून बघणाऱ्यांचं. आणि तपासनिसाची गत याहून वाईट, कारण मॅकवर्थच्या काट्याने निदान अधूनमधून उडी तरी मारली. पंख्याची चकती तपासणाऱ्याला उभ्या नोकरीत एकही तडा दिसला नाही असं होऊ शकतं. त्याला जे शोधायचंय ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. खोपटातल्या माणसाबद्दल मी जांभयांची गोष्ट सांगितली ती यासाठी.

सू सिटीनंतर टायटॅनियम वितळवायची पद्धत सुधारली, म्हणजे ते कडक कण मुळात राहूच नयेत. तपासण्या वाढल्या. आणि सात वर्षांनी, ६ जुलै १९९६ ला, फ्लोरिडात पेन्सकोलाला डेल्टाचं एमडी-८८ धावपट्टीवर वेग घेत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचा गाभा फुटला. तुकडे डब्यात घुसले. एक आई आणि तिचा मुलगा जागीच गेले. तडा एका भोकात होता, भोक पाडताना धातू तापून बिघडल्याने सुरू झालेला. तो भागही चमकणाऱ्या पेनिट्रंटने तपासलेला होता आणि पास झालेला होता. अहवालात पुन्हा तेच शब्द येतात: तडा सापडण्याची अपेक्षा कमी असल्याने तपासनिसाने खुणेकडे दुर्लक्ष केलं असू शकतं.

त्यानंतर अशा फिरत्या भागांच्या भोकांसाठी एडी करंटच्या तपासणीवर भर वाढला. त्यात प्रोब यंत्रच फिरवतं आणि सिग्नल यंत्रच नोंदवतं, डोळ्यांवर कमी सोपवलेलं असतं. पेनिट्रंट मात्र अजूनही सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक आहे, कारण ती स्वस्त आहे आणि चकतीचा आकार कितीही वेडावाकडा असला तरी चालते. तिच्या नियमांत आता बघणाऱ्याबद्दलही बरंच लिहिलेलं असतं. नजर ठरावीक काळाने तपासून घ्यायची. उन्हात काळा पडणारा चष्मा घालायचा नाही, कारण अतिनील दिव्याखालीही तो काळा पडतो. आणि अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर पहिला भाग हातात घेण्याआधी किमान एक मिनिट काहीही न करता उभं राहायचं, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत.